देव तळं ओलांडून गेला का?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, नीट उजाडायच्या आत, जपानच्या नागानो प्रांतातल्या सुवा गावात काही माणसं तळ्याच्या काठाशी जमतात. पुढे यात्सुरुगी देवळाचे पुजारी, बरोबर देवळाचे मानकरी. ते हवेचं तापमान घेतात, पाण्याचं घेतात. बर्फ धरला असेल तर कुऱ्हाडीने फोडून जाडी मोजतात. नसेल तर तसं लिहितात आणि आपापल्या कामाला जातात. ६ जानेवारीच्या सुमारास सुरू झालेला हा नेम ४ फेब्रुवारीच्या आसपास, म्हणजे जपानी पंचांगातला वसंतारंभ येईपर्यंत, रोज चालतो.

त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. देव तळं ओलांडून गेला का?

हा प्रश्न इथे १४४३ सालापासून विचारला जातो आहे आणि त्याचं उत्तर दरवर्षी लिहून ठेवलं जातं आहे. तापमापीचा शोध लागण्याच्या दीडशे वर्षं आधी ही वही सुरू झाली. पृथ्वी तापते आहे का, किती आणि कधीपासून, हे शोधणाऱ्या अभ्यासकांसाठी जगातल्या ज्या मोजक्या जुन्या नोंदी उपयोगी पडतात, त्यांत ती बसते. आता देव चालत गेला की नाही या नोंदीतून हवामान कसं काय कळतं? आणि ज्या वर्षी काहीच झालं नाही, त्या वर्षाच्या नोंदीचं काय करायचं? लेख मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे, पण त्याआधी तळं समजून घ्यायला हवं.

सुवा तळं समुद्रसपाटीपासून ७५९ मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोलगट खोऱ्यात आहे. क्षेत्रफळ साधारण १३ चौरस किलोमीटर, काठाने पूर्ण फेरी मारली तर १६ किलोमीटर. लहानमोठ्या ३१ नद्या-ओढे त्यात येतात आणि बाहेर पडते एकच, तेन्र्यू नदी. काठावर सुवा, शिमोसुवा आणि ओकाया अशी तीन गावं आहेत. कागदावर सुवा आणि ओकाया शहरं आहेत, पण सुवाची वस्तीसुद्धा ५० हजारांच्या आतलीच. ओकायात एके काळी रेशमाच्या गिरण्यांची धुरांडी होती. पुढे या खोऱ्यात घड्याळं आणि बारीक यंत्रं बनू लागली. एप्सन या प्रिंटरवाल्या कंपनीचं मुख्यालय आजही सुवातच आहे. गरम पाण्याचे झरे आहेत, पर्यटक आहेत, १५ ऑगस्टला तळ्यावर होणारी मोठी आतषबाजी आहे. म्हणजे गाव काही जुन्या काळात अडकून पडलेलं नाही. फक्त जानेवारीतल्या पहाटे ते एक जुनं काम करतं.

तळ्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते उथळ आहे. सगळ्यांत खोल जागीसुद्धा पाणी जेमतेम ७ मीटर. याने काय फरक पडतो?

बहुतेक पदार्थ जितके गार होतील तितके आकसतात आणि जड होतात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसपर्यंतच या नियमाने वागतं. त्याखाली ते पुन्हा हलकं व्हायला लागतं. त्यामुळे थंडी पडली की आधी वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, खालचं वर येतं, तेही गार होऊन खाली जातं. सगळं तळं ४ अंशांवर येईपर्यंत ही उलथापालथ चालू राहते. तिथून पुढे मात्र आणखी गार झालेलं पाणी वरच तरंगतं, तिथेच शून्यावर येतं आणि गोठतं. खोल तळ्याला आधी पोटातली सगळी ऊब बाहेर टाकावी लागते आणि त्यात अर्धा हिवाळा निघून जातो. उथळ तळ्याकडे साठवलेली ऊबच थोडी. वारा पडलेला, आकाश निरभ्र आणि पारा उणे १० च्या आसपास, अशा काही रात्री ओळीने आल्या की सुवा तळं काठापासून काठापर्यंत धरतं. (अगदी सगळीकडे नाही. तळातून गरम पाणी किंवा वायूचे बुडबुडे येतात तिथे बर्फात भोकं राहतात. अनोळखी माणसाने या तळ्यावर मनाला येईल तसं चालू नये ते यासाठी.)

बर्फाचा पत्रा साधारण १० सेंटिमीटरच्या पुढे जाड झाला की खरी गंमत सुरू होते. रात्री थंडी वाढते तसा बर्फ आकसतो. काठांना धरून बसलेला असल्याने तो ताणला जातो आणि तडकतो. रात्रीच्या शांततेत हा आवाज लांबवर ऐकू जातो. भेगेत खालून पाणी चढतं आणि तेही गोठतं. सकाळी ऊन आलं की बर्फ प्रसरण पावतो, पण आता भेग बुजलेली असल्याने त्याला पसरायला जागा नसते. दोन्ही बाजूंनी रेटा येतो, भेगेवरचा नवा पातळ बर्फ मोडतो आणि त्याचे तुकडे वर उचलले जातात. आकडा लहान वाटतो, पण हिशेब करून बघा. बर्फाचा ४ किलोमीटर रुंद पत्रा १० अंशांनी तापला तर साधारण २ मीटरने लांबतो. ते २ मीटर कुठेतरी जायलाच हवेत. रात्रंदिवस हा खेळ चालला की तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बर्फाचा एक वेडावाकडा वरंबा उभा राहतो. कधी वीतभर उंच, कधी माणसाच्या छातीला लागेल इतका.

हाच तो देवाचा मार्ग. जपानी नाव ओमिवातारी, म्हणजे देवाचं ओलांडून जाणं. सुवाच्या महादेवळाचा वरचा भाग तळ्याच्या दक्षिणेला आहे. तिथे ताकेमिनाकाता हा देव राहतो. खालचा भाग उत्तर काठाला, तिथे त्याची पत्नी यासाकातोमे. तळं गोठलं की रात्री देव बर्फावरून चालत पत्नीला भेटायला जातो आणि सकाळी त्याची वाट उमटलेली दिसते. दक्षिणोत्तर उठलेल्या पहिल्या वरंब्याला पहिली वाट म्हणतात, त्यानंतर तशीच उठली तर दुसरी वाट. पूर्व-पश्चिम जाणारा वरंबा वेगळ्या देवाच्या नावाने ओळखला जातो. पुजारी त्यांची दिशा आणि आकार पाहतात आणि त्यावरून येत्या वर्षाचं पीकपाणी आणि एकूण जगाचं कसं चालेल ते सांगतात.

ही कथा नुसती गोड म्हणून टिकली असं मला वाटत नाही. देव गेल्याशिवाय माणसांनी बर्फावर पाय ठेवायचा नाही, असा जुना रिवाज होता. वरंबा उठलाय याचा अर्थ बर्फ भरपूर जाड झालाय, आता माणूस आणि घोडा पलीकडे जाऊ शकतो. लांबच्या फेऱ्याऐवजी तळ्यावरून सरळ वाट. असल्या बाबतीत गाव चूक करत नाही, कारण चूक करणारा बुडतो. म्हणूनच नोंदीवर विश्वास ठेवता येतो. जिच्यावर जीव अवलंबून आहे ती गोष्ट माणसं लक्ष देऊन पाहतात.

आता वहीकडे येऊ.

सगळी वही एका हाताची नाही. सुरुवातीची सुमारे अडीच शतकं महादेवळाच्या पुजाऱ्यांच्या नोंदी आहेत. १६८३ पासून यात्सुरुगी देवळाने हे काम हाती घेतलं ते आजतागायत. मधे राज्यं बदलली, लढाया झाल्या, १८७३ मध्ये जपानने जुनं चांद्र पंचांग सोडून आजची दिनदर्शिका घेतली. म्हणजे त्याआधीच्या प्रत्येक तारखेचं रूपांतर करावं लागतं. शिवाय तळं पूर्ण गोठणं ही एक गोष्ट आणि वरंबा उठणं ही दुसरी. तळं गोठलं पण वर आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत बर्फाचा जाड थर साचला, तर तो गोधडीसारखं काम करतो. खालच्या पत्र्याला रात्रीची थंडी आणि सकाळचं ऊन दोन्ही नीट लागत नाही आणि वरंबा उठतच नाही. या दोन नोंदींची गल्लत केली की सगळा हिशेब चुकतो.

या वहीला शास्त्राच्या दरबारात नेणाऱ्यांमध्ये एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे: साकुहेई फुजिव्हारा. दोन चक्रीवादळं जवळ आली की एकमेकांभोवती फिरायला लागतात, त्याला फुजिव्हारा परिणाम म्हणतात, ते हेच. १८८४ साली जन्मले ते सुवात, पुढे जपानच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. तळ्याच्या गोठण्याच्या पाच शतकांच्या तारखा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. लहानपणी ज्या तळ्यावर बर्फ पाहिला, त्याच तळ्याची वही मोठेपणी आकडे म्हणून वाचायची, ही संधी कितीजणांना मिळते?

पण गोठण्याच्या तारखेवरून थंडी कशी मोजायची?

एखाद्या सकाळचं तापमान लहरी असतं. आज उणे १२, परवा अधिक २. तळं अशा एखाद्या दिवसाने हलत नाही. त्याला गोठायला आठवडे लागतात आणि त्या सगळ्या आठवड्यांची थंडी ते आपल्यात जमा करत जातं. एकूण हिशेब जमला की एका रात्री धरतं. म्हणजे गोठण्याची तारीख हा अख्ख्या अर्ध्या हिवाळ्याचा गोळाबेरीज आकडा असतो. थंडी कडक असेल तर तारीख अलीकडे येते, सौम्य असेल तर पुढे सरकते.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. सैबेरियातलं तळं हिवाळा दोन अंशांनी सौम्य झाला तरी गोठणारच. उष्ण प्रदेशातलं तळं कितीही थंडी पडली तरी गोठणार नाही. दोन्हीकडे नोंद ठेवली तर तिच्यात फारसं काही दिसणार नाही. सुवा मात्र बरोबर उंबरठ्यावर बसलेलं आहे. इथे हिवाळा अंशभराने इकडेतिकडे झाला तरी तळं धरायचं की नाही याचा निकाल फिरतो. थोड्याशा बदलाने उत्तर बदलणारा साक्षीदार हवा असेल तर तो असाच उंबरठ्यावरचा हवा.

आता तो मघाचा प्रश्न. ज्या वर्षी तळं गोठलंच नाही, त्या वर्षाची तारीख काय लिहायची?

वरवर पाहता उत्तर सोपं वाटतं. तारीख नाही, तर ते वर्ष हिशेबातून गाळा. पण इथे भलेभले फसतात. समजा, जुन्या काळातल्या पाच हिवाळ्यांत तळं जानेवारीच्या ८, ९, १०, ११ आणि १२ तारखेला गोठलं. सरासरी १० जानेवारी. समजा, अलीकडच्या पाच हिवाळ्यांत ते ५, १० आणि १२ तारखेला गोठलं आणि दोनदा गोठलंच नाही. न गोठलेली वर्षं गाळली तर उरलेल्या तिन्हींची सरासरी ९ जानेवारी. म्हणजे कागदावर काय दिसतं? तळं आता एक दिवस लवकर गोठतंय, थंडी वाढली! प्रत्यक्षात पाचातल्या दोन वर्षी बर्फच धरला नाही. सगळ्यांत ऊबदार वर्षं आपण आपल्या हाताने पुसून टाकली आणि उरलेल्यांवरून निष्कर्ष काढला.

जो पाहुणा आलाच नाही, तो किती वाजता आला असं विचारण्यासारखं हे आहे. त्याची वेळ सांगता येत नाही, पण एवढं नक्की सांगता येतं की रात्री बारापर्यंत तरी तो आला नव्हता. संख्याशास्त्रज्ञ नेमकं हेच करतात. कोऱ्या वर्षाला खोटी तारीख देत नाहीत आणि ते गाळतही नाहीत. ‘निदान हिवाळा संपेपर्यंत तरी नाही’ एवढी अर्धवट माहिती हिशेबात धरायच्या रीती त्यांच्याकडे आहेत. पण त्यासाठी एक अट आहे. त्या वर्षी कुणीतरी काठावर जाऊन, पाहून, ‘गोठलं नाही’ असं लिहून ठेवलेलं असायला हवं. वहीचं पान नुसतंच कोरं असेल, तर तळं गोठलं नव्हतं की लिहिणारा आजारी होता, हे पाचशे वर्षांनी कसं कळणार?

सुवाच्या लोकांनी ते लिहिलं. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे: आके नो उमी, म्हणजे मोकळा समुद्र. देव गेला नाही, पाणी उघडं राहिलं. माझ्या मते या वहीतली सगळ्यांत मोलाची नोंद तीच. काही घडलं की लिहून ठेवायला सगळेच उत्सुक असतात. काही न घडल्याची नोंद त्याच निष्ठेने ठेवणारे फार थोडे.

या नोंदींचा ठळक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या सपना शर्मा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जॉन मॅग्नुसन आणि त्यांचे सहकारी यांचा तो अभ्यास. त्यातले मोकळ्या पाण्याचे आकडे असे आहेत. वहीच्या पहिल्या अडीचशे वर्षांत तळं गोठलं नाही अशी वर्षं फक्त ३. १९५५ ते २००४ या ५० वर्षांत १२. आणि २००५ ते २०१४ या १० वर्षांत ५. म्हणजे आधी साधारण ८० वर्षांतून एकदा, मग चारातून एकदा, मग दोनातून एकदा. पूर्वी पणजोबांनी एखादंच मोकळं वर्ष पाहिलेलं असायचं. आताची मुलं ते सवयीने पाहतात. गोठण्याच्या तारखाही पुढे सरकत होत्या. औद्योगिक क्रांतीपूर्वी ही सरक दर दहा वर्षांना दिवसाच्या पाचव्या हिश्श्याइतकी होती. नंतर तिचा वेग कितीतरी पटींनी वाढला.

इथे कुणी शंका काढेल आणि काढायलाच हवी. गावच वाढलं म्हणून तळं तापलं नसेल कशावरून? सुवात ताकाशिमा नावाचा किल्ला आहे. १५९८ साली बांधून झाला तेव्हा तो तळ्याच्या पाण्यात उभा होता आणि त्याला तरंगता किल्ला म्हणत. आज तो वस्तीच्या मधोमध आहे, तळं भराव घालून मागे लोटलं गेलं. गिरण्या आल्या, सांडपाणी आलं. १९६० आणि ७० च्या दशकांत तर तळं शेवाळाने हिरवंगार व्हायचं. तळ्याभोवतीची सांडपाण्याची वाहिनी १९७९ मध्ये सुरू झाली आणि मग पाणी हळूहळू निवळलं. (निवळलं तसा तळापर्यंत उजेड पोचू लागला आणि शिंगाड्याच्या वेली माजल्या. एक दुखणं बरं करावं तर दुसरं डोकं वर काढतं.) तळ्याने माणसांचा एवढा त्रास सोसल्यावर दोष फक्त हवेला कसा द्यायचा?

यातला काही भाग विचार करून बाजूला ठेवता येतो. तळं भरावाने लहान किंवा गाळाने उथळ झालं, तर ते उलट लवकर गोठायला हवं. तसं झालेलं नाही. पण डांबरी रस्ते, इमारती, कारखाने यांच्या उबेचं काय, ही शंका एका तळ्याकडे पाहून फिटत नाही. म्हणून दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो. तो पहिल्याला न भेटलेला आणि दूरचा असला तर उत्तम.

फिनलंड आणि स्वीडनच्या सीमेवर तोर्ने नदी वाहते. १६९३ मध्ये ओलोफ आलबोम नावाच्या व्यापाऱ्याने तिच्यावरचा बर्फ वसंतात कधी फुटतो ते लिहायला सुरुवात केली. बर्फ फुटला की नदीतून वाहतूक सुरू होते, आणि व्यापाऱ्याला त्याचंच पडलेलं असतं. युद्धात रशियन फौजा आल्या तेव्हा तो पळून गेला, म्हणून मधली काही वर्षं गेली. परतल्यावर त्याने पुन्हा लिहायला घेतलं. त्याच्यानंतर इतरांनी ते चालू ठेवलं. इकडे बर्फ धरण्याची तारीख, तिकडे फुटण्याची. इकडे पुजारी, तिकडे व्यापारी. एकमेकांचं नावही माहीत नसलेल्या या दोन वह्या शेजारी ठेवल्या तर सुवात बर्फ उशिरा धरतो आणि तोर्नेत तो लवकर फुटतो, आणि दोन्हीकडचा वेग औद्योगिक क्रांतीनंतर वाढलेला दिसतो. सुवाच्या डांबरी रस्त्यांनी फिनलंडमधला बर्फ वितळत नाही.

आकड्यांपलीकडे, काठावर राहणाऱ्यांसाठी हा बदल म्हणजे एकेक सवय सुटत जाणं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिमोसुवात कुणीतरी लाकडी खडावांना खाली लोखंडी पातं बसवलं आणि अख्खं खोरं तळ्यावर घसरायला शिकलं. आता त्या हौसेसाठी कृत्रिम बर्फाचं मैदान गाठावं लागतं. वाकासागी नावाची बोटभर लांबीची चंदेरी मासळी या तळ्याची ओळख आहे. बर्फाला भोक पाडून, त्यातून गळ सोडून ती पकडायची. बर्फाचा भरवसा गेल्यावर लोकांनी घुमटासारखं छत घातलेल्या, आत उबदार असलेल्या होड्या तरंगत्या ठेवल्या. आता हिवाळ्यात माणसं त्यांत बसून उघड्या पाण्यात गळ टाकतात. धंदा टिकला, वाट बदलली. २०१६ च्या जुलैत मात्र याच तळ्यात ही मासळी मोठ्या प्रमाणात मेली. पाण्यातला प्राणवायू संपल्याचा संशय होता. उन्हाळी पाणी तापलं की हलकं ऊबदार पाणी वर झाकणासारखं बसतं, खाली नवा प्राणवायू पोचत नाही आणि तळाशी सडणाऱ्या वेली-शेवाळ उरलासुरला खाऊन टाकतात. हिवाळ्यात उलथापालथ करणारा पाण्याचा तोच गुण इथे उलटा बाधतो.

२०१८ च्या फेब्रुवारीत वरंबा उठला. त्याआधीचा २०१३ चा. पाच वर्षांनी देव चालला म्हणून बघायला गर्दी लोटली. पुजाऱ्यांनी बर्फावर जाऊन वाटेची दिशा पाहिली, वर्षाचं भाकीत सांगितलं. रीतीप्रमाणे ही वार्ता जपानच्या राजघराण्याचं काम पाहणाऱ्या खात्याला आणि हवामान खात्याला कळवली जाते.

त्यानंतर ओळीने कित्येक हिवाळे वरंबा उठलाच नाही. तरीही ६ जानेवारीला काठावर माणसं येतातच. कुऱ्हाड घेऊन येतात, तापमापीची दोरी पाण्यात सोडतात, आकडा मोठ्याने वाचतात आणि एकजण तो लिहून घेतो. वसंतारंभाच्या सकाळी पुजारी तळ्याकडे एकदा पाहतात आणि त्या वर्षाचा निकाल सांगतात: आके नो उमी. मग तेही वहीत जातं, तारखेसकट.